बाबांचा जुना स्टीरिओ आणि इंटरनेटवरची सांगली : कुठल्या भोकात वायर घालू?

शहापूरकर_धाकटा

मंडळी, एक काम अडलंय.

बाबांनी १९८४ साली घेतलेला स्टीरिओ बेळगावच्या घरी आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच पळेल. लाकडी पेटी, काचेच्या पट्टीमागे हिरवा दिवा, दोन अवजड स्पीकर आणि स्टेशन बदलायला लिंबाएवढा नॉब. बाबा त्याला 'कान' म्हणतात.

बाबा अठ्ठ्याहत्तरचे, शाळामास्तर होते. पहाटे उठायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि आकाशवाणी सांगली लावायची, हा जन्माचा शिरस्ता. गेली तीन-चार वर्षं सांगली लागत नाही. म्हणजे लागते, पण मागे कढईत मोहरी तडतडत असते. घरात एलईडी दिवे, इन्व्हर्टर, दहा चार्जर. धारवाड तेवढं स्वयंपाकघरात आईच्या ट्रान्झिस्टरवर स्वच्छ येतं.

फोनवर आकाशवाणीच्या ॲपमध्ये सांगली लख्ख वाजते. बाबांना ऐकवली तर म्हणाले, "डब्यात माणूस कोंडल्यासारखं वाटतंय." म्हणून फोन स्टीरिओला जोडायला गेलो. मागे लाल-पांढरी भोकं नाहीतच. पाच पिनांची दोन गोल सॉकेटं आहेत, एकावर 'टेप' आणि एकावर 'पीयू' लिहिलंय. गणपत गल्लीतून तशी वायर शोधून आणली, पीयूत घातली. आवाज आला, पण निवेदक पिंपात तोंड घालून बोलतोय असा.

दोन प्रश्न. कुठल्या भोकात काय घालू? आणि दुसरा जास्त महत्त्वाचा : बाबांना फोन चालवता येत नाही आणि शिकायचाही नाही. त्यांनी कान पिळला की सांगली लागली पाहिजे. जमेल का?

निपाणीची_तपकीर

ब्लूटूथ स्पीकर घे आणि निवांत झोप.

शहापूरकर_धाकटा

घेतलाय दादा, मागच्या वाढदिवसाला. त्याखाली सध्या वीजबिलं आहेत. वाऱ्यानं उडत नाहीत, एवढा उपयोग झालाय.

मध्यमलहरी

आधी पीयूतली वायर काढ. पीयू म्हणजे पिकअप, तबकडीच्या रेकॉर्ड प्लेयरची जागा. चुंबकी सुईतून येणारा सिग्नल चार-पाच मिलिव्होल्टचा असतो. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि टीप जास्त भरलेली असते. म्हणून त्या सॉकेटामागची सर्किट सिग्नल कित्येक पटींनी वाढवते, वर खर्ज फुगवते आणि टीप दाबते. तिथं तू फोनचा अर्धा-पाऊण व्होल्ट ओतलास. पिंप होणारच.

'टेप'मध्ये घाल. पाच पिना अर्धगोलात १-४-२-५-३ अशा क्रमानं असतात. मधली २ नंबरची जमीन (ग्राउंड). ३ आणि ५ वर बाहेरचा आवाज आत येतो, डावा आणि उजवा. १ आणि ४ वरून स्टीरिओचा आवाज बाहेर टेपरेकॉर्डरकडे जातो, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. फोनकडून येणारी वायर ३, ५ आणि २ ला लागली पाहिजे. बाजारातल्या तयार वायरी दोन्ही तऱ्हेच्या असतात, त्यामुळे मीटर लावून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नकोस. १-४ वाली निघाली तर काहीच वाजणार नाही आणि स्टीरिओ गेला म्हणून घरात रडारड होईल.

सोल्डरबुवा

मध्यमलहरींचं बरोबर, पण अर्धंच. आपल्याकडच्या त्या काळच्या बऱ्याच सेटांत पीयू चुंबकी नव्हे, सिरॅमिक सुईसाठी असायचा. सिरॅमिकचा सिग्नल मोठा असतो, त्यात फोन घातला तर बरा वाजतो. सॉकेटाखाली बारीक अक्षरात काही लिहिलंय का बघ.

आणि एक विचारतो, रागवू नकोस. हा सेट रोज चालू असतो का वर्षानुवर्षं बंद होता?

शहापूरकर_धाकटा

बॅटरी लावून बघितलं. 'पीयू मॅग' लिहिलंय. मध्यमलहरी जिंकले.

सेट तसा बंदच होता. सांगली लागेना तेव्हापासून बाबांनी त्यावर क्रोशाचं कापड घालून गणपती ठेवलाय. मी परवा थेट प्लग लावला.

सोल्डरबुवा

गणपती होता म्हणून वाचलास.

इतकी वर्षं बंद असलेला सेट थेट प्लगात घालायचा नसतो बाबा. आतले मोठे कपॅसिटर पडून पडून मऊ झालेले असतात. एकदम २३० व्होल्ट मिळाले की एखादा फुटतो, ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. आम्ही सिरीज लॅम्प लावतो. साधा तारेचा १०० वॉटचा बल्ब (एलईडी नव्हे) सेटच्या एका वायरीत ओळीनं घालायचा. चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भकभकीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, काढ प्लग. घरात वायरी जोडायची सवय नसेल तर हे मेकॅनिककडून करून घे. माझं ऐकून उघड्या तारांशी खेळू नकोस.

दुसरं, स्पीकरची जाळी काढून बघ. कागदी कोनाच्या कडेला फोमचा पट्टा असेल तर तो आतापर्यंत शेवेसारखा भुगा झालेला असेल. कापडी कडा असेल तर नशीबवान आहेस.

तिसरं, आवाजाचा नॉब फिरवताना खरखर होत असेल तर त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मार आणि वीस-पंचवीस वेळा गोल फिरव. आमच्याकडे एकदा एक सेट आला होता, मालकानं खरखरीवर खोबरेल तेल घातलेलं. मुंग्या निघाल्या.

टिळकवाडी_तिसरं_गेट

मुंग्या! रेल्वेचं गेट पडलंय म्हणून गाडीवर बसून वाचतोय, शेजारचा रिक्षावाला बघूलाय मी का हसतोय ते.

असो. माझा सल्ला, ही जुगाडं सोड. बाजारात नेटवर्क ऑडिओ प्लेयर मिळतात, त्यातला चांगल्या डॅकवाला (डॅक म्हणजे डिजिटल आवाजाचा स्टीरिओला कळणारा सिग्नल करणारा भाग) घे. फोनच्या भोकातून निघणारा आवाज जुन्या स्टीरिओचा अपमान आहे.

निपाणीची_तपकीर

आकाशवाणीचा स्ट्रीम असतो किती किलोबिटचा, त्याला तीस हजारांचा डॅक? पिठल्यावर केशर घालण्यातला प्रकार.

टिळकवाडी_तिसरं_गेट

पिठलंसुद्धा स्वच्छ ताटात वाढावं लागतं.

उचगावची_सूनबाई

तुमचं पिठलं होऊ दे, मी अनुभव सांगते. सासऱ्यांसाठी आम्ही ब्लूटूथ रिसीव्हर लावला होता. छोटी डबी, तिची वायर स्टीरिओला, फोन कुठंही ठेवा. आवाज छान, काही तक्रार नव्हती. फोन होता माझ्या मिस्टरांचा. एकादशीला सकाळी हरिपाठ चाललाय, मोठा आवाज, दार उघडं, ओसरीवर शेजारच्या दोघी. मधेच फोन वाजला, ह्यांनी सवयीनं खिशातला उचलला. स्पीकरमधून अख्ख्या गल्लीला ऐकू आलं : "सर, आपको पर्सनल लोन चाहिए क्या?" हे "हो हो, किती टक्क्यानं?" असं म्हणेपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. सासरे अजून विचारतात, कसलं कर्ज काढलंस.

थोडक्यात, रोजच्या वापरातला फोन जोडू नका.

चंदगडी_काजू

किती टक्के सांगितलं पण?

खानापूरचा_पाऊस

घरातला जुना फोन कायमचा जोडायचा विचार असेल तर तेही जपून. मी केलंय. सिम काढलं, रेडिओचं ॲप घातलं, चार्जर कायम लावून ठेवला. सहा महिन्यांत फोनची पाठ पुरीसारखी फुगली. बॅटरी सदोदित शंभर टक्के भरून गरम राहिली की फुगते. तसंच करायचं तर चार्जर टायमरवर ठेवा, दिवसातून दोन तास पुरे.

मग रास्पबेरी पाय आणला. मोठ्या उत्साहात मोफत मिळणारं व्हॉल्युमिओ हे गाणी-रेडिओ वाजवायचं सॉफ्टवेअर त्यात घातलं. त्याच्या अंगच्या हेडफोन भोकातून मागे सूं सूं येतं, म्हणून वर डॅकची पट्टी बसवली. झकास वाजला. जूनपर्यंत. आमच्याकडे पावसाळ्यात करंट दिवसाला किती वेळा जातो ते खानापूर-जांबोटी पट्ट्यातल्या माणसालाच विचारा. पाय हा छोटा कॉम्प्युटर आहे, त्याला नीट बंद करावं लागतं. लिहीत असताना करंट गेला की मेमरी कार्ड खराब. एका पावसाळ्यात तीन कार्डं गेली. चौथं मी घातलंच नाही. आता त्या डबीत बायको टाचण्या ठेवते.

मध्यमलहरी

खानापूरकर, पायला छोटी बॅटरी का नाही जोडलीत? राउटरसाठी मिळते तसली. राउटरला तर ती हवीच. स्टीरिओ इन्व्हर्टरवर आणि राउटर नाही, मग वाजणार काय?

खानापूरचा_पाऊस

जोडली होती की. करंट चार तास आला नाही, बॅटरी संपली, मग तेच.

शहापूरकर_धाकटा

अपडेट. सिरीज लॅम्पसह मेकॅनिककडून तपासून घेतलं. बल्ब मंद झाला. स्पीकरची कडा कापडी निघाली! वायर ३-५-२ ची करून घेतली, टेपमध्ये घातली. काल पहिल्यांदा सांगली हॉलमध्ये वाजली. बाबा आतून आले, खुर्ची ओढली, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खर्ज थोडा कमी कर."

नवी भानगड : फोन चार्जिंगला लावला की मागे भुंगा फिरल्यासारखी घरघर. चार्जर काढला की गप्प. दुसऱ्या चार्जरनं घरघर कमी, पण आहेच.

सोल्डरबुवा

सेटच्या मागे अर्थिंगचा स्क्रू आहे का? त्याला काही जोडलंय?

शहापूरकर_धाकटा

आहे! हिरवी वायर, खिडकीतून खाली. ती कुठं जाते म्हणून बाबांना विचारलं. मागे तुळशीजवळ लोखंडी कांब पुरलीय म्हणे. १९८४ पासून आई तुळशीला पाणी घालते तेव्हा कांबेलाही घालते. कशासाठी हे तिला आज कळलं.

सोल्डरबुवा

मध्यम लहरींसाठी (मिडियम वेव्ह) उत्तम अर्थिंग होतं ते, बाबांना पैकीच्या पैकी. आता त्याच वाटेनं घरघर येतेय. मोबाइलच्या चार्जरमधून सूक्ष्म गळती करंट फोनच्या वायरीत येतो. त्याला जमिनीत जायला सोपी वाट हवी असते. ती तुझ्या ऑडिओ वायरीच्या जमिनीतून, सेटमधून, तुळशीपाशी जाते. जाता जाता सिग्नलमध्ये ५० हर्ट्झची घरघर सोडते.

ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून डबी मिळते, दोनेकशे रुपयांपासून. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकानं पलीकडे जातो, तारांचा एकमेकींशी संबंध राहत नाही. ती वायरीच्या मधे टाक. फार स्वस्त घेतलीस तर खर्ज थोडा पातळ होईल. बाबांना तर तेच हवंय. आणि कुणी सांगेल, मिक्सर-फ्रिजच्या प्लगाची तिसरी पिन काढून टाक, घरघर जाते. अजिबात नको, ती जीव वाचवायला असते.

तुळशीची कांब राहू दे.

कपिलेश्वर_कॉलनी

अवांतर. ह्या अर्थिंगवरून आठवलं. आमच्या आजोबांनी रेडिओची एरियल घरापासून माडापर्यंत ताणली होती, पंचवीस फूट तांब्याची तार. त्यावर आजी पापड वाळत घालायची नाही, कारण आजोबा ओरडायचे. बाकी सगळ्यांचे कपडे असायचे. रात्री सिलोन लागायचं ते वर-खाली हेलकावत यायचं. पोस्टात रेडिओचं लायसन भरायचं पुस्तक अजून ट्रंकेत आहे, तिकिटं चिकटवलेलं. रेडिओ ऐकायला परवाना लागायचा म्हटल्यावर माझा मुलगा म्हणाला, तुमच्या काळी श्वास घ्यायला लागायचा का?

मध्यमलहरी

सिलोन लघुलहरींवर यायचं, पण मध्यम लहरींचे हेलकावे रात्रीच का, ते मुलाला सांगा. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात. अंधार पडला की वरच्या वातावरणातला शोषून घेणारा थर विरतो, मग लहरी आणखी वरच्या थरावर आपटून लांब कुठंतरी उतरतात. जमिनीवरून आलेली आणि वरून आलेली लहर एकत्र आली की आवाज फुगतो आणि बसतो. माझ्या वहीत आकडे आहेत : धारवाड ७६५ किलोहर्ट्झ, सांगली १२५१, पुणे ७९२, रत्नागिरी ११४३, पणजी १२८७. बेळगावात बसून हे पाचही मी एका संध्याकाळी ऐकलेत. तेव्हा गल्लीत एलईडी नव्हते.

शहापूरकर_धाकटा

आयसोलेटर टाकला, भुंगा मेला. सोल्डरबुवा, कुंदा लागू आहे.

पण माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला. बाबा मला हाक मारतात, मी फोन उघडतो, ॲप, शोध, सांगली. मी कामावर असलो की आईला फोन करून विचारतात, "तो कधी येणार?" कुणासाठी, तर सांगलीसाठी.

निपाणीची_तपकीर

तयार वायफाय रेडिओ मिळतो की, नॉबवाला.

उचगावची_सूनबाई

माझ्या भावाकडे होता एक, परदेशातून आणलेला. तो आपली स्टेशनं एका कंपनीच्या यादीतून घ्यायचा. २०२१ मध्ये ती सेवा बंद झाली आणि एका दिवसात रेडिओचं खोकं झालं. घ्यायचाच तर स्टेशनचा पत्ता आपल्याला हातानं घालता येईल असा घ्या.

सोल्डरबुवा

पत्ता हातानं घालणं, तेच म्हणतो मी. ईएसपी-३२ नावाची चिप-पट्टी येते, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, वायफाय अंगात. तिला पीसीएम-५१०२ हा डॅक जोडायचा आणि एक एन्कोडर, म्हणजे न अडता गोल फिरणारा नॉब. लोकांनी रेडिओचा प्रोग्राम फुकट लिहून ठेवलाय. सगळं मिळून हजाराच्या आसपास. करंट जाऊ दे शंभर वेळा. पायसारखं ती सतत कार्डावर काही लिहीत बसत नाही, आला की पुन्हा सुरू. एन्कोडर फिरवला की पुढचं स्टेशन. बाबांना कान पिळायचा आहे ना?

अडचणी सांगून ठेवतो. एक, ती फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखते. राउटरवर पाचचंच चालू असेल तर ती आयुष्यभर शोधत बसेल. दोन, आकाशवाणीचा स्ट्रीम तुकड्या-तुकड्यांनी येतो, एम-थ्री-यू-एट म्हणतात. जुना प्रोग्राम तो वाजवत नाही, नवा घालावा लागतो. तीन, स्टेशनांचे पत्ते कधीकधी बदलतात, तेव्हा तुला बसावं लागेल.

मी करून देतो. मुलगी अनगोळला दिलीय, रविवारी येऊलोय तसाही. चार स्टेशनं कुठली ते विचारून ठेव.

शहापूरकर_धाकटा

बुवा, काय बोलू! डेटा किती खाईल?

मध्यमलहरी

६४ किलोबिट धरलं तर सेकंदाला ८ किलोबाइट, तासाला २८.८ मेगाबाइट. रोज दहा तास ऐकलं तर महिन्याला साडेआठ जीबीच्या आसपास. १२८ असेल तर दुप्पट. फायबर असेल तर विचारूही नकोस.

शहापूरकर_धाकटा

स्टेशनं ठरली : सांगली, धारवाड, पुणे, विविध भारती. पण क्रमावरून घरात वाद आहे. बाबा म्हणतात पहिलं सांगली. आई म्हणते पहिलं धारवाड, सकाळी गाणं तिथंच चांगलं असतं.

कपिलेश्वर_कॉलनी

आईंना माझा पाठिंबा. धारवाड १९५० चं, सांगली १९६३ चं, वयाचा मान म्हणून काही आहे की नाही? आणि जिथं मल्लिकार्जुन मन्सूर संगीत सल्लागार होते, त्या केंद्राला दुसरा नंबर?

चंदगडी_काजू

बेळगावात राहून पहिलं धारवाड? सांगली महाराष्ट्रातली म्हणून मागं सारूलाय काय? मग १ नोव्हेंबरला काळी फीत कशाला बांधतोस गा?

कपिलेश्वर_कॉलनी

काळी फीत बांधतो आणि धारवाडही ऐकतो. कुमार गंधर्व सुळेभावीचे, म्हणजे इथलेच. त्यांना कुठल्या बाजूला टाकणार आहेस?

चंदगडी_काजू

त्यांना दोन्ही बटणांवर ठेव.

ॲडमिन

रेडिओवर बोला. सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, तो १९५६ पासून चालू आहे.

टिळकवाडी_तिसरं_गेट

एन्कोडर गोल फिरतो. पहिलं-शेवटचं नसतंच त्यात. आईंना डावीकडून वळवायला सांगा, बाबांना उजवीकडून.

शहापूरकर_धाकटा

गेटवर अडकून अडकून तुम्ही फार विचार करता, साहेब. तसंच केलंय.

रविवारी बुवा आले. डबी सुपारीच्या जुन्या डब्यात बसवली, स्टीरिओच्या मागे लपवली, वायर टेपमध्ये. एन्कोडरवर त्यांनी जुन्या रेडिओचा बेकेलाइटचा नॉब चढवला, पुढे, स्टीरिओच्या कानाशेजारीच. वायफायचा घोटाळा झालाच. अर्धा तास काही सापडेना, मग राउटरवर २.४ चालू केलं.

बाबांनी नॉब फिरवला. पाच-सहा सेकंद काही नाही. "बंद पडला." मग धारवाड. पुन्हा फिरवला, पुन्हा शांतता. "बंद पडला." आम्ही समजावलं की तो आधी थोडा आवाज साठवून घेतो. बाबांनी मान हलवली, पण हात नॉबवरच. फिरवला की थांबायचं कुठं हेच त्यांना कळेना. आयुष्यभर खरखर, शीळ, मग स्टेशन, अशा वाटेनं गेलेला माणूस तो.

आणखी एक. स्वयंपाकघरात आईचं धारवाड मध्यम लहरींवर, हॉलमध्ये धारवाड इंटरनेटवर. हॉलमधलं तीसेक सेकंदांनी मागे. आईकडे बातम्या सुरू झाल्या तरी हॉलमध्ये अजून गाणं. बाबा एचएमटीचं घड्याळ बातम्यांआधीच्या टों-टों-वर लावतात, चाळीस वर्षं. आता घड्याळ रोज अर्धं मिनिट मागे लावतात आणि आईला म्हणतात, तुझा ट्रान्झिस्टर पुढे धावतो.

खानापूरचा_पाऊस

अर्ध्या मिनिटाचं काय होतंय, आमच्याकडं एसटी अर्धा तास मागं असते.

मध्यमलहरी

ती तीस सेकंदं काही जाणार नाहीत. तुकडे तयार होणं, सर्व्हरवर ठेवणं, तुझ्याकडे दोन-तीन तुकडे साठणं, यातच जातात. घड्याळ लावायला आईंचाच ट्रान्झिस्टर.

सोल्डरबुवा

शांततेचा उपाय माझ्याकडे. चिपच्या मेमरीत थोडी जागा शिल्लक आहे. मी घरी जाऊन ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधे ठेवला आणि सहा सेकंद खरखर भरून घेतली, शिळेसकट. आता नॉब फिरवला की आधी ती वाजेल, स्ट्रीम आला की ती विरेल. फाइल आणि नवा प्रोग्राम पाठवलाय, यूएसबीनं घाल.

टिळकवाडी_तिसरं_गेट

खरखर घालवायला एवढा खटाटोप केला आणि आता खरखर भरून घालताय?

निपाणीची_तपकीर

डॅकमधून स्वच्छ ऐकू येईल आता खरखर.

शहापूरकर_धाकटा

घातली काल रात्री. सकाळी साडेपाचला मी जागा होतो, उठलो नाही, ऐकत पडलो. तांब्या ठेवल्याचा आवाज. नॉब. खरखर, शीळ, मग सांगली. कुणी मला हाक मारली नाही.

मग सातला चहाच्या वेळी बाबा म्हणाले, सगळं ठीक आहे, पण एक चूक आहे. सांगली लावताना येते ती खरखर सांगलीची नव्हे. ती धारवाडकडची आहे, जाड आहे. सांगलीजवळची बारीक असायची आणि तिच्यात शीळ आधी यायची.

सोल्डरबुवा

मी ७६५ च्या बाजूलाच भरली होती. कसं ओळखलं त्यांनी?

पुढच्या रविवारी १२५१ जवळची भरून आणतो. कुंदा तयार ठेव.